मदत हवी आहे: इंगल्शमच्या चर्चला आईबाबांना कसं न्यावं?

स्विंडनच्या आसपास राहणाऱ्यांना विचारते. विल्टशरमधल्या इंगल्शम या थेम्सकाठच्या चिमुकल्या पॅरिशचं जुनं चर्च आईबाबांना दाखवायचंय. १८७७मध्ये जुन्या इमारती जपणारी संस्था काढणाऱ्या विल्यम मॉरिस यांनी ते नव्यासारखं करू न देता फक्त सावरून घेतलं. म्हणूनच भिंतींवर वेगवेगळ्या शतकांची चित्रं, अक्षरं थरावर थर टिकलीत! मेरी आणि बाळ येशूचं कोरीव शिल्प तर नॉर्मनपूर्व, म्हणजे १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्याच्याही आधीच्या काळातलं. त्यात वरून देवाचा हात बाळाकडे बोट दाखवतोय. बाबांना ते जवळून बघायचंच आहे.

जवळच्या लेचलेड गावाहून नदीकाठच्या वाटेने जावं का? आईचे गुडघे दुखतात, पावसानंतर तिथे फार चिखल होतो का? गाडी चर्चजवळ लावता येते का? कुणी अलीकडे गेलं असेल तर प्लीज सांगा.