आठवीचा इतिहास: सन पाठ, पण ‘का?’ विचारलं की वर्ग गप्प

प्रश्न: बोरीकाठ
नमस्कार. पारोळा तालुक्यात माझं हे दुसरं वर्ष. आठवीत 54 मुलं, तास 35 मिनिटांचा. ‘चले जाव’चा ठराव 8 ऑगस्ट 1942 चा, हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. पण चाचणीत ‘लोक रस्त्यावर का उतरले?’ याला बहुतेकांनी गाईडमधलंच वाक्य उतरवलं, त्यातल्या छपाईच्या चुकीसकट. गट पाडले तर गोंधळ होतो, शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहतात. अभ्यासक्रमही संपवायचाय. काय करू?

उत्तर: केळीबाग
ताई, मी सव्वीस वर्षं यावल तालुक्यात इतिहास-भूगोल शिकवतोय. आधी गट बंद करा. बाकं ओढण्यातच दहा मिनिटं जातात. एका बाकावरच्या दोघांची जोडी पुरते.

माझा एक तास सांगतो. भारताचा नकाशा टांगला आणि काँग्रेसच्या अधिवेशनांची ठिकाणं मुलांकडून दाखवून घेतली: 1929 लाहोर, 1931 कराची, 1934 मुंबई, एप्रिल 1936 लखनौ. मग विचारलं, “आणि त्याच वर्षी डिसेंबरात?” कुणालाच येईना. मी आमच्या फैजपूरवर बोट ठेवलं. पोरं उठून नकाशापाशी आली. नेहरू अध्यक्ष होते, खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, एवढंच सांगितलं आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: ‘इथंच का?’

जोडीला तीन मिनिटं, उत्तर दोन ओळींत. पुस्तक बंद. शेवटच्या बाकावरचा एक पोरगा, वर्षभर तोंड न उघडलेला, म्हणाला, “सर, इतक्या लोकायले पानी कुठून आनलं?” बापाबरोबर केळीला पाणी धरणारा तो. त्याच्या त्या प्रश्नावर उरलेला तास गेला. सावदा स्टेशनवरून माणसं कशी आली असतील, जेवणं कुठं, उजेड कशाचा. तिथून शेतसारा आणि कुळाचा खंड (जमिनीचं भाडं) कमी करण्याच्या मागणीवर आपोआप आलो, कारण शेतीविषयक कार्यक्रम त्याच अधिवेशनात मांडला गेला. ‘खेड्यात का?’ याचं उत्तर मुलांनीच दिलं.

असा तास मी एका प्रकरणाला एकदाच घेतो. बाकीचं भराभर वाचून संपवतो आणि त्याची मला खंत नाही. मात्र मुलगा घरच्या बोलीत बोलला तर मध्येच सुधारू नका. विचार पुरा होऊ द्या, प्रमाण भाषा वहीत आणा.

उत्तर: सातपुड्याखाली
सरांशी सहमत. नंदुरबारकडे आम्ही 9 सप्टेंबर 1942 घेतो. विद्यार्थ्यांची मिरवणूक, गोळीबार, शिरीषकुमार आणि आणखी चार जण शहीद. फक्त रडवणारी गोष्ट सांगून थांबू नका. मी विचारते, “मुंबईत नेत्यांना 9 ऑगस्टला अटक झाली. ती बातमी इथं कशी आली असेल?” वर्तमानपत्र, रेल्वे, बाजारातली माणसं, मुलं एकेक साधन काढतात. घोषणा गुजरातीत होत्या, हे कळल्यावर घरी पावरी किंवा भिली बोलणारी माझी मुलं जास्त धीटपणे बोलू लागली.

उत्तर: पांझराकाठ
नागरिकशास्त्राला पांझरा नदीवरची फड पद्धत घ्या, म्हणजे गावानं मिळून पाणी वाटून घ्यायची जुनी रीत. बंधारा, पाट, फड (शेतांचा गट), एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाण्याची पाळी गावानं ठरवलेली. ‘पाणी कमी पडलं तर कुणाला आधी?’ असं विचारून मुलांनाच नियम करायला लावा.

बोरीकाठ
मनापासून आभार. उद्या ‘मिठाचा सत्याग्रह’ आहे, जोड्यांनीच घेते. एक शंका: आजी-आजोबांना विचारून यायला सांगितलं आणि घरचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर?

केळीबाग
दोन्ही ठेवा. वहीत दोन रकाने करा, ‘पुस्तकात’ आणि ‘घरी’. खाली एक ओळ मुलाची: मला कोणतं पटतं आणि का. परीक्षेत पहिला रकाना चालेल. तपासताना मी ती खालची ओळच आधी वाचतो.