अनुभव धागा: युनियनमुळे तुमच्या नोकरीत काय बदललं?

तीन वर्षं मी पगारवाढ मागायला एकटाच साहेबांच्या केबिनमध्ये जायचो आणि "यंदा बजेट नाही" ऐकून परत यायचो. मग युनियन झाली. वेतनकराराच्या बैठकीत आमच्या प्रतिनिधीने कंपनीचाच ताळेबंद उघडला आणि नफ्याच्या आकड्यावर बोट ठेवलं. समोरचे तिघं एकमेकांकडे बघायला लागले. बजेटचा विषय पुन्हा निघाला नाही. तुमचे अनुभव लिहा, कडू असले तरी.

नर्स, रात्रपाळी
एकटीला बावीस पेशंट. तोंडी तक्रार केली की "तुलाच झेपत नाही" हे ठरलेलं. युनियनने फार काही केलं नाही, एक साधा तक्ता छापला: तारीख, पाळी, पेशंट किती, नर्स किती, सही. पाळी संपली की भरायचा. दोन महिन्यांनी तो गठ्ठा मेट्रनच्या टेबलावर ठेवला. रात्रीला एक नर्स वाढली. एकच, पण वाढली.

मशीनशॉप
मी कडू अनुभव लिहितो. आमचा पुढारी सुरुवातीला खरंच चांगला होता, नंतर त्याला न्यायला कंपनीची गाडी येऊ लागली. करार झाला, परमनंटवाल्यांना घसघशीत वाढ मिळाली. कंत्राटी पोरांचा त्यात उल्लेखही नाही. मशीन तेच, पाळी तीच, पगार निम्मा. पुढच्या वेळी आम्ही संपावर गेलो तेव्हा ती पोरं आत राहिली, उत्पादन चालू राहिलं आणि नवव्या दिवशी आम्ही मुकाट्याने गेटमधून आत गेलो. त्यांना कुठल्या तोंडाने नावं ठेवू? आम्हीच त्यांना आधी बाहेर ठेवलं होतं.

डिलिव्हरी
आमचा मालक दिसतच नाही, ॲप दिसतं. रेट रात्रीत बदलतो. कागदावर आम्ही "पार्टनर", त्यामुळे भांडायचं कुणाशी? ऐन गर्दीच्या वेळी सगळ्यांनी ॲप बंद ठेवलं, तेव्हा कुठे फोन आला. रेट परत मिळाला, दोघांचे आयडी मात्र ब्लॉक झाले.

कामावरून काढलेला
आयएलओचं (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं) १९४९ चं ९८ क्रमांकाचं कन्व्हेन्शन, म्हणजे आंतरराष्ट्रीय करार, सांगतं की युनियनचा सभासद म्हणून कुणाला काढता येत नाही. म्हणून कारण तसं लिहीतच नाहीत! माझ्या पत्रात "कामगिरी असमाधानकारक" होतं. आधीच्या दोन वर्षांचे "उत्तम" शेरे घरी जपून ठेवले होते, त्यावर केस उभी राहिली. कागद जपा, बाबांनो.

आयटी
युनियन आपल्यासाठी नसते असं मला वाटायचं. मग एके दिवशी एकेकाला खोलीत बोलावून राजीनामे लिहून घेतले, माणशी पंधरा मिनिटं. आम्ही चाळीस जण होतो. बाहेर आल्यावर कळलं की आमच्याकडे एकमेकांचे फोन नंबरसुद्धा नाहीत, सगळे ऑफिसच्या चॅटवर होते आणि ते बंद झालं होतं.