कोमट पाणी चालतं, मग कोमट प्रतिसाद का नाही?

प्रश्न, मुलुंडहून:
मी बातम्यांचं भाषांतर करते. काल एका सभेच्या बातमीत 'ल्यूकवॉर्म' आलं, मी 'कोमट प्रतिसाद' लिहिलं. वरिष्ठांनी खोडून 'थंडा' केलं. मला ते पटलेलं नाही. लोक आले होते, टाळ्याही पडल्या, फक्त जोर नव्हता. थंडा म्हणजे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही! कोमट हा शब्द माणसांच्या मनाला लावलेला कुणी ऐकलाय का?

दादरहून:
मी संस्कृत शिकवायचो. कोमटला तिथे कोष्ण, कवोष्ण, कदुष्ण असे शब्द आहेत आणि अमरकोशात ते 'मंदोष्ण'च्या पंगतीला बसलेत. तिन्हींत एकच 'कु' रूप बदलून आलाय. त्यातल्या कवोष्णासाठी पाणिनीने 'कवं चोष्णे' असं सूत्र दिलं. कुपुत्र, कुकर्म यांत हा कु वाईट, पण उष्णाच्या आधी त्याचा अर्थ नुसता 'थोडं'. आपलं ऊन पाणी, ऊन भात यांतलं 'ऊन' त्या उष्णाचंच. इंग्रजीतल्या 'ल्यूक'चाही मूळ अर्थ कोमटच.

गिरगावातून:
आमच्या चाळीत मोरीत तांब्याचा बंब होता. आई कढत पाणी बादलीत काढायची, वरून विसण म्हणजे गार पाणी घालायची आणि धाकट्याला न्हाऊ घालण्याआधी कोपर बुडवून बघायची. भांडी घासून तळवे राठ झालेले, त्यांना कळायचं नाही. विरजणाचंही तेच. दूध गार असेल तर दही लागत नाही, कढत असेल तर विरजण मरतं. मी आजही करंगळी बुडवून बघते. म्हणजे कोमट हे घरात बरोबर जमलेलं असतं बाळा, त्यात तक्रार नाही. म्हणून ते तुझ्या सभेला चिकटत नाही. 'तोंडदेखला' लिही.

मुलुंडहून:
काकू, विसण शब्द किती वर्षांनी ऐकला! आजी 'इसण' म्हणायची. पण तोंडदेखला म्हटलं तर लोक खोटं वागले असं होईल, आणि ते तसे नव्हते.

गिरगावातून:
मग 'लोकांनी हात राखून टाळ्या वाजवल्या' असं लिही.

मुलुंडहून:
हेच पाठवते.