'रिक्लेम' आणि 'स्वॅप': जातं ते पान, सुटते ती चौकट

प्रश्न

ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या टिपणांचं मराठी करते आहे. मेमरीच्या प्रकरणात 'पेज रिक्लेम'ला 'पृष्ठ पुनर्प्राप्ती' आणि 'स्वॅप आउट'ला 'अदलाबदल' असं लिहिलं. पुन्हा वाचल्यावर मलाच कळेना, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) पान मिळवतो आहे की घालवतो आहे? आणि या दोन क्रिया एकच आहेत का? नेमके शब्द सुचवावेत.

प्रतिसाद

गोंधळ 'पान' या शब्दापासूनच सुरू होतो. इंग्रजीत 'पेज' दोन गोष्टींना म्हणतात: आतला मजकूर, आणि तो मजकूर रॅममध्ये जिथे बसतो ती जागा. जागेसाठी 'फ्रेम' हा शब्द आहे, पण तो पाळला जात नाही. लिनक्सच्या कोडमध्येसुद्धा जागेची नोंद ठेवणाऱ्या रचनेचं नाव 'स्ट्रक्ट पेज' आहे. मराठीत आपण हे दोन्ही पहिल्यापासून वेगळे ठेवू शकतो. मजकूर ते पान, जागा ती चौकट. एक्स८६ प्रोसेसरवर दोन्ही सहसा ४०९६ बाइटची.

आता तुमचं वाक्य पुन्हा मांडून पाहा. परत मिळते ती चौकट, जातं ते पान. 'पुनर्प्राप्ती' इथे घातकच आहे, कारण उडालेल्या फायली परत आणण्यालाही आपण तेच म्हणतो. मी 'चौकट सोडवणे' म्हणेन. गहाण पडलेली वस्तू सोडवतात, तशी मोकळ्या चौकटी कमी पडू लागल्या की कर्नल आपणच प्रोग्रामला दिलेली चौकट सोडवून घेतो.

आतल्या पानाचं काय करायचं, हा त्यानंतरचा प्रश्न, आणि त्याची उत्तरं तीन आहेत. पान फायलीतून वाचलेलं असेल आणि त्यात बदल झालेला नसेल, तर ते सरळ टाकून देता येतं. मूळ प्रत डिस्कवर आहेच. बदल झाला असेल, तर आधी फायलीत लिहावं लागतं. आणि ज्याच्या मागे फाईलच नाही, म्हणजे प्रोग्रामने चालता चालता मागून घेतलेली मेमरी, ते पान ठेवायला डिस्कवर वेगळी जागा लागते. ती जागा म्हणजे स्वॅप. म्हणून चौकट सोडवणं हे मोठं काम आणि स्वॅप हा त्यातला एक मार्ग. पार्श्वभूमीत हे काम करणाऱ्या लिनक्सच्या धाग्याचं (थ्रेडचं) नाव 'केस्वॅपडी' असल्यामुळे लोक फसतात. स्वॅपची जागा अजिबात ठेवली नसली तरी तो धागा चौकटी सोडवतच असतो.

प्रतिसाद

वरच्या मांडणीशी सहमत. मात्र 'अदलाबदल' मुळात चूक नव्हता, एवढं नोंदवतो. सुरुवातीच्या युनिक्समध्ये आख्खी प्रक्रिया, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, डिस्कवर जायची आणि तिच्या जागी दुसरी आत यायची. ती खरोखरची अदलाबदल होती. १९७९ च्या थ्रीबीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत गरजेपुरती पानं हलवण्याची सोय आली. काम बदललं, नाव तेच राहिलं. आज एक पान बाहेर गेलं म्हणून त्याच क्षणी दुसरं आत येतंच असं नाही. त्यामुळे बाहेर पाठवण्याला मला 'रवानगी' हा शब्द आवडतो, आणि आत आणण्याला साधं 'परत आणणे'. डिस्कवरच्या जागेला 'स्वॅप'च राहू द्यावं, तो शब्द रुळला आहे.

लिनक्सच्या सेटिंगमधला 'स्वॅपिनेस' हा आकडाही याच घोळातला. मूळ मूल्य ६० असतं, आणि अनेक जण समजतात की ६० टक्के मेमरी भरली की रवानगी सुरू होते. तसं काही नाही. फायलींची पानं टाकायची की फाईल नसलेली पानं रवाना करायची, या दोहोंपैकी कर्नलने कुठे झुकावं, ते हा आकडा सांगतो. १०० म्हणजे दोन्हींचा खर्च सारखा धरायचा. लिनक्स ५.८ पासून तो २०० पर्यंत नेता येतो, कारण स्वॅप डिस्कऐवजी रॅममध्येच दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवलेला असेल तर रवानगी डिस्कवरून फाईल वाचण्यापेक्षा स्वस्त पडू शकते. 'रवानगीचा कल' म्हटलं की 'टक्के' डोक्यात येत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ती

हे खूप उपयोगी पडलं. 'क्लीन पेज'ला मी 'कोरं पान' लिहिलं होतं!

प्रतिसाद

ते बदलाच. कोरं म्हणजे काहीच न लिहिलेलं, इथे तर पान मजकुराने भरलेलं असतं. 'डर्टी'ला 'मळलेलं' म्हटलं की पान खराब झालंय असं वाटतं, आणि खराब ते फेकावं असं कुणालाही वाटेल. खरं तर तेच फेकता येत नाही. 'बदललेलं' आणि 'न बदललेलं' पुरेसं आहे. 'ॲनॉनिमस'ला 'बेवारस' असंही कुठेतरी वाचलं. त्या पानाला मालक असतो, फक्त फायलीचं नाव मागे नसतं, म्हणून 'निनावी' ठीक. 'वॉटरमार्क'ला मात्र 'जलचिन्ह' नको. ते कागदावरचं. इथे मोकळ्या चौकटींची पातळी मोजायची आहे: खालच्या खुणेपाशी आली की केस्वॅपडी जागा होतो, वरच्या खुणेपर्यंत भरली की थांबतो. त्याला गाठता आलं नाही आणि पातळी किमान खुणेखाली गेली, तर मेमरी मागणाऱ्या प्रोग्रामलाच थांबून चौकटी सोडवाव्या लागतात. 'पातळीखूण' म्हणावं.

आणि 'पेज फॉल्ट'मध्ये दोष कुणाचाच नसतो. प्रोग्राम आला, पान जागेवर नव्हतं. मला इथे 'चुकामूक' फार नेमका वाटतो.

प्रतिसाद

'थ्रॅशिंग'साठी 'येरझारा' कसा वाटतो? रवाना केलेलं पान लगेच परत, त्याच्यासाठी दुसरं बाहेर, तेही लगेच परत.

प्रतिसाद

'हेलपाटे' अधिक जवळ जातं. येरझारा कुणी विचार करतानाही घालतं. हेलपाट्यात श्रम फुकट जातात, आणि थ्रॅशिंगमध्ये नेमकं तेच होतं: प्रोसेसर रिकामा बसतो, डिस्क राबते, काम पुढे सरकत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

'हेलपाटे' घेते. नवा मसुदा असा: 'मोकळ्या चौकटी खालच्या पातळीखुणेखाली गेल्या की कर्नल सर्वांत जुनी पानं निवडून त्यांच्या चौकटी सोडवतो. न बदललेली पानं टाकतो, बदललेली फायलीत लिहितो, निनावी पानांची स्वॅपमध्ये रवानगी करतो.'

प्रतिसाद

छान उतरलं आहे. फक्त 'सर्वांत जुनी' काढा. प्रोग्राम सुरू झाल्यापासून असलेलं पान सर्वांत जुनं, पण क्षणोक्षणी लागणारं असू शकतं. कर्नल प्रत्येक वापराची वेळ टिपून ठेवत नाही, ते परवडणारं नाही. पान वापरलं की प्रोसेसर त्याच्या नोंदीत एक बिट लावतो. कर्नल अधूनमधून फेरी मारून तो बिट पाहतो आणि पुसतो. पुढच्या फेरीतही तो पुसलेलाच असेल, तर ते पान जायच्या रांगेत सरकतं. तेव्हा 'बराच काळ हात न लागलेली पानं' असं लिहा.