मदत हवी आहे: चेंगडूच्या मैत्रिणीचं घरचं जेवण, पंगतीला जैन मित्र आणि हलाल खाणारी मैत्रीण

नमस्कार मंडळी,

मी लीड्सला शिकते. आमच्या फ्लॅटमध्ये चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगडूची एक मुलगी राहायला आली आहे. चिनी नवं वर्ष यंदा १७ फेब्रुवारीला, म्हणजे मंगळवारी. त्या दिवशी सगळ्यांचे वर्ग असल्यामुळे शनिवारी, १४ तारखेला, ती आम्हां मित्रमंडळींना जेवायला बोलावणार आहे. घरापासून लांब तिचं हे पहिलंच नवं वर्ष.

तिने आधी सगळ्यांना पथ्यं विचारली. सोलापूरचा एक मित्र जैन आहे: कांदा, लसूण, बटाटा, मशरूम, अंडं काहीच चालत नाही. मलेशियाच्या मैत्रिणीला हलाल लागतं. हे ऐकल्यावर ती म्हणाली, मग मी साधा फ्राइड राइस करते. मला खूप वाईट वाटलं. तिच्या मनात मापो तोफू (खिमा घातलेलं तिखट तोफू) होतं, बटाट्याच्या बारीक सळ्यांची आंबट-तिखट भाजी होती, ठेचलेली काकडी, टोमॅटो-अंडं आणि शेवटी काळ्या तिळांचं सारण भरलेले थांगयुआन, म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे. आम्हांला चायनीज म्हणजे गाडीवरचं मंचुरियन आणि शेजवान एवढंच माहीत. माझ्याकडची शेजवान चटणी चाखून तिने विचारलं, यात ह्वाज्याव कुठे आहे? सिचुआनच्या जेवणात जीभ बधिर करणारा तो मसाला, आणि चटणीत त्याचा मागमूस नव्हता.

तिच्या घरची चव न घालवता हे सगळं कसं जमवता येईल? जैन मित्राला नुसता भात-काकडी वाढायची नाहीये. थांगयुआनच्या सारणात तिची आजी डुकराची चरबी घालते, त्याला पर्याय काय? आणि ह्वाज्याव खाल्ल्यावर मला थेट बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ आठवलं. मालवणहून आलेलं तिरफळ घरात आहे. मी त्याचं काही शाकाहारी करून नेलं तर बरं दिसेल का?

प्रतिसाद:
मी काही वर्षं चेंगडूत होतो, म्हणून लिहितो. तिला सांग, यादी कापायची गरज नाही. चीनच्या बौद्ध मठांतल्या शाकाहारी स्वयंपाकात कांदा, लसूण, पात वर्ज्य असतात, त्या यादीत आपला हिंगसुद्धा येतो. त्यामुळे कांदा-लसणाशिवायचं जेवण तिला परकं वाटणार नाही, फक्त मठातलं म्हणून ओळखीचं असेल.

मापो तोफूत मूळचा खिमा गोमांसाचा, तो हलाल दुकानातून आणला की मलेशियाच्या मैत्रिणीचा प्रश्न सुटला. स्वयंपाकाची वाइन मात्र वगळा. दुसऱ्या भांड्यात खिम्याशिवाय करा. चव येते ती दौबानज्यांगमधून, म्हणजे बाकला आणि मिरची आंबवून केलेल्या लाल वाटणातून. पिश्यानचं मिळालं तर उत्तम. मंद आचेवर तेल लाल होईपर्यंत परता, घाई केली तर करपतं आणि तुमच्या फ्लॅटमधला धुराचा अलार्मही वाजेल. तोफूचे तुकडे आधी मीठ घातलेल्या गरम पाण्यात ठेवा, फुटत नाहीत. स्टार्चचं पाणी एकदम न ओतता दोन-तीनदा थोडं थोडं घाला. भाजून कुटलेलं ह्वाज्याव सगळ्यात शेवटी.

जैन मित्राला आंबवलेलं चालतं का, हे त्यालाच विचार. काही जण घेतात, काही नाही. चालत नसेल तर फरसबी: तेलात सुरकुत्या पडेपर्यंत परतायची, मग सुकी मिरची, ह्वाज्याव, मीठ. तिथे यात बहुधा खिमा असतो, पण त्याशिवायही ही भाजी सुंदर लागते. त्याचं जेवण आधी करा, कढई-उलथनं वेगळं ठेवा. घरी पाहुण्यांसाठी आपण करतोच ना.

प्रतिसाद:
थांगयुआनबद्दल. चरबीऐवजी बिनमिठाचं लोणी. काळे तीळ भाजून कुटायचे, साखर आणि मऊ लोणी मिसळून फ्रिजमध्ये घट्ट करायचं, मग गोळ्या वळायच्या. पीठ चिकट तांदळाचंच हवं, आपल्या मोदकाच्या पिठाचे गोळे पाण्यात फुटतील. उकळत्या पाण्यात वर तरंगले की झाले. गोठवलेली पाकिटं घेणार असाल तर घटक वाचा, त्यांतही चरबी असू शकते.

तिरफळ जरूर ने. तिरफळ आणि ह्वाज्याव एकाच वंशातल्या, पण वेगवेगळ्या जातींच्या झाडांची फळं आणि दोन्हीतली काळी बी टाकून सालच वापरायची. पण ह्वाज्याव भाजून कुटतात, आपण तिरफळ ठेचून उकळत्या कालवणात टाकतो. गोव्याच्या पद्धतीचं खतखतं, म्हणजे नारळाच्या वाटणातलं मिश्र भाज्यांचं कालवण, कर. कांदा-लसूण नसतो. जैन मित्रासाठी कंदमुळं वगळून शेवग्याच्या शेंगा, भोपळा घाल.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. तिला सगळं वाचून दाखवलं. मठातल्या जेवणाचं ऐकून तिने लगेच आजीला फोन लावला, आजीला फरसबीची तशीच भाजी येते म्हणे. फ्राइड राइस रद्द. मित्राने आंबवलेलं नको सांगितलं, म्हणून त्याला फरसबी, खतखतं आणि थांगयुआन. काकडीत व्हिनेगर पडतं, त्याच्या वाटणीच्या काकडीला लिंबू पिळलं तर चालेल ना? आणि खतखत्यासाठी ओला नारळ इथे गोठवलेला मिळतो, तो वाटून आंबट होतो का, कोणी वापरला असेल तर शुक्रवारच्या आत सांगा.