स्लाइडवरचा मजकूर: छळ आणि उतारे (अनुभव धागा)

सादरीकरणाच्या आदल्या रात्री स्लाइडवरची अक्षरं आपोआप लहानमोठी का होतात, हे कोडं मला कितीतरी वर्षं सुटलं नव्हतं. एका स्लाइडवर २८ पॉइंट, पुढच्यावर २२, त्याच्या पुढे २५. मी चौकट निवडून हाताने आकार देत बसायचो. कुणीतरी "एवढी एक ओळ घाल ना" म्हणालं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हा उद्योग ऑटोफिटचा. पॉवरपॉइंटमध्ये मजकूर चौकटीबाहेर जायला लागला की ते गुपचूप अक्षरं बारीक करतं आणि ओळींमधलं अंतरही खातं. 'फॉरमॅट शेप'मध्ये टेक्स्ट बॉक्सखाली तीन पर्याय सापडतील: काहीच करू नको, मजकूर लहान कर, चौकट मोठी कर. कायमचा बंदोबस्त हवा तर ऑटोकरेक्टच्या पर्यायांत 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप' या पानावर जा. तिथे शीर्षकाच्या ऑटोफिटची एक आणि मजकुराच्या ऑटोफिटची एक, अशा दोन बरोबरच्या खुणा असतात. मी दोन्ही काढून टाकल्या. आता जास्त लिहिलं की मजकूर चौकटीखाली लोंबतो. लोंबू दे. कात्री कुठे लावायची ते तरी दिसतं.

तुम्हाला कशाने छळलं आणि काय केल्यावर सुटलं, ते लिहा. "नवीन आवृत्ती घ्या" हा सल्ला नको.

* * *

ऑटोफिटसाठी +१. माझं दुखणं मात्र मी स्वतः पोसलेलं होतं.

मी शिकवते. कोरी स्लाइड घ्यायची, त्यावर टेक्स्ट बॉक्स ओढायचा, फॉन्ट आणि रंग हाताने द्यायचा, अशी माझी सहा वर्षांची पद्धत. मग एकदा सगळ्यांच्या स्लाइड एकसारख्या दिसाव्यात असं ठरलं. मी ऐटीत स्लाइड मास्टर (सगळ्या स्लाइडचा मूळ साचा) उघडला, फॉन्ट बदलला, आकार बदलला, बंद केला. १४० स्लाइडपैकी एकही हलली नाही! 'रीसेट' दाबलं, तरी ढिम्म.

मास्टरचा हुकूम चालतो तो प्लेसहोल्डरवर, म्हणजे मांडणीत आधीपासून असलेल्या "इथे शीर्षक लिहा" वगैरे चौकटींवर. मी टाकलेले टेक्स्ट बॉक्स त्याच्या राज्यातच नव्हते. ओळखायची सोपी खूण: आउटलाइन दृश्य उघडा. प्लेसहोल्डरमधला मजकूर तिथे दिसतो, टेक्स्ट बॉक्समधला दिसत नाही. माझं आउटलाइन वाळवंट होतं.

जादूचा उपाय मिळाला नाही. तीन संध्याकाळी बसून नवी मांडणी केली आणि एकेका स्लाइडचा मजकूर उचलून त्यात टाकला. आता कुणी रंग बदला म्हटलं की दोन मिनिटांत बदलून चहाला मोकळी.

* * *

फक्त फॉन्टच बदलायचा असता तर 'रिप्लेस फॉन्ट्स'ने टेक्स्ट बॉक्ससुद्धा बदलले असते. पण मराठी मजकुराला त्यातही एक मेख आहे.

थीममध्ये (फाइलच्या फॉन्ट-रंगांच्या ठरलेल्या संचात) प्रत्येक फॉन्टचे तीन कप्पे असतात: लॅटिन, पूर्व आशियाई आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट. देवनागरी तिसऱ्यात. थीमचा फॉन्ट बदलताना आपण बहुतेक वेळा पहिलाच कप्पा बदलतो. इंग्रजी शब्द नव्या कपड्यांत आणि मराठी जुन्याच. मी यावर दोन दिवस घालवले, फॉन्ट पुन्हा पुन्हा उतरवून घेतला, संगणकाला शिव्या घातल्या.

शेवटी पोटात शिरलो. पॉवरपॉइंटची पीपीटीएक्स फाइल म्हणजे आत एक्सएमएल (खुणा घातलेल्या साध्या मजकुराच्या फाइली) भरलेली झिप असते. फाइलची प्रत केली (प्रत कराच!), नाव बदलून झिप केलं, थीमच्या फोल्डरमधली पहिली फाइल उघडली. शीर्षकासाठी एक आणि मजकुरासाठी एक असे दोन भाग होते, आणि दोन्हीकडे 'सीएस'ची, म्हणजे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची, जागा रिकामी. तिथे फॉन्टचं नाव लिहिलं, जतन केलं, नाव पूर्ववत केलं. सगळं मराठी एका फटक्यात बदललं. त्याच फाइलमध्ये लिपीवार फॉन्टची लांबलचक यादी होती, देवनागरीपुढे 'मंगल'. माझ्या मराठी मजकुराला सारखा मंगल का चिकटतो, याचा उलगडा तिथे झाला.

एक इशारा: सगळा फोल्डर बाहेर काढून पुन्हा झिप केलात तर एक जादा फोल्डर आत शिरतो आणि फाइल उघडत नाही. झिपच्या आतच बदल करा. हे मला तिसऱ्या प्रयत्नात कळलं.

* * *

वरचं वाचून घाम फुटला. आमचं दुखणं साधं: ओळींमधलं अंतर. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये मजकुराचं अंतर ०.९ असतं. इंग्रजीला खपून जातं. मराठीत वरच्या ओळीचा ऊकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांच्या उरावर बसतात. मास्टरमध्ये १.१ केलं, भांडण मिटलं. अंतराच्या 'एग्झॅक्टली' या पर्यायाच्या वाटेला जाऊ नका. अक्षर मोठं केलं तरी अंतर तेवढंच राहतं.

* * *

माझा किस्सा फॉरमॅटिंगचा की शुद्धलेखनाचा, तुम्हीच ठरवा.

कार्यक्रमाची शेवटची स्लाइड आभाराची. जेवण करणाऱ्यांसाठी मी लिहिलं होतं "आचाऱ्यांचे आभार". पडद्यावर आलं "आचार्यांचे आभार". पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी उठून सभागृहाला नमस्कार केला. आचारी मागे उभे होते, ते उभेच राहिले.

झालं असं की माझा कीबोर्ड तो अर्धा र 'र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह' असा लिहायचा. मजकूर "स्वच्छ" करायला मी एका साधनातून काढला, त्याने अदृश्य चिन्हं झाडून टाकली आणि ऱ्य चा र्य झाला. दऱ्यांचा दर्या होतो तोही असाच. युनिकोडमध्ये ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे. ऱ, हलन्त, य असं लिहिलं की झाडायला अदृश्य काही उरतच नाही. आता सादरीकरणाआधी मी 'र्य' शोधून प्रत्येक जागा नजरेखालून घालतो.

* * *

हसून हसून पुरेवाट!

माझा प्रश्न नेहमीचा: दुसऱ्याच्या संगणकावर फाइल उघडली की ओळी वेगळ्या जागी तुटतात. घरी मॅक, तिथे कोहिनूर देवनागरी हा फॉन्ट. सभागृहात विंडोज, तिथे निर्मला. अक्षरांची रुंदी वेगळी, त्यामुळे दोन ओळींचं शीर्षक तीन ओळींचं होऊन चित्रावर चढलं.

दोन गोष्टी करते. पर्यायांत 'सेव्ह'खाली फॉन्ट फाइलमध्येच भरायची सोय आहे. फक्त वापरलेली अक्षरं भरली तर फाइल लहान राहते, पण दुसऱ्याला नीट संपादन करायचं असेल तर सगळी अक्षरं भरावी लागतात. काही फॉन्टच्या परवान्यात भरायला मनाईच असते, मग ते जात नाहीत. म्हणून दुसरी गोष्ट: पीडीएफ प्रत सोबत. ॲनिमेशन जातं, पण अक्षर जागचं हलत नाही. मला त्या ॲनिमेशनचं तसंही फार प्रेम नाही.

* * *

गूगल स्लाइड्सवाल्यांनी हसू नये. ब्राउझरमध्ये सगळीकडे सारखं दिसतं हे खरं, पण तीच फाइल पीपीटीएक्स म्हणून उतरवली आणि तो फॉन्ट त्या संगणकावर नसला की वरचंच रामायण.

* * *

निवृत्तीनंतर शिकलो, म्हणून बारीकसारीक लिहितो. मुद्द्याच्या आतच नवी ओळ हवी पण नवा ठिपका नको, तर शिफ्ट-एंटर. मुद्दा आत सरकवायला टॅब, बाहेर आणायला शिफ्ट-टॅब. तक्त्यात टॅब दाबला तर पुढच्या घरात उडी मारतो. घराच्या आत टॅब हवा तर कंट्रोल-टॅब. हे कळेपर्यंत मी स्पेसबार बडवून रकाने जुळवत होतो, आणि फॉन्ट बदलला की सगळी रांग दारू प्यायल्यासारखी.

* * *

शीर्षकाला रुबाब यावा म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवणाऱ्यांनो, मराठीत नका करू. शिरोरेषा तुटते. कुंपणाच्या फळ्या निखळल्यासारखं दिसतं.

* * *

(धागाकर्ता) सगळ्यांचे आभार. १४० स्लाइडचा किस्सा वाचून काल रात्री माझ्या चालू फाइलचं आउटलाइन उघडलं. १४ स्लाइड, त्यातल्या ९ रिकाम्या. सादरीकरण परवा आहे.