मदत हवी आहे: इंग्लंडमधून गावाकडच्या बालगृहाला देणगी

आम्ही नवरा-बायको लेस्टरला घरगुती फराळाची छोटी लिमिटेड कंपनी चालवतो. चकलीच्या पाकिटावर स्टिकर असतो, 'यातले 50 पेन्स अनाथ मुलांसाठी'. दिवाळीपर्यंत 1,140 पौंड जमले. ते सातारा जिल्ह्यातल्या एका बालगृहाला द्यायचेत.

संस्थेचं बाल न्याय कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र मी स्वतः पाहिलंय, पण एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याबाबतचा भारतीय कायदा) नोंदणी नाही. म्हणजे कंपनीच्या खात्यातून थेट पाठवणं बाद. एफसीआरएवाल्या मोठ्या संस्थेमार्फत वळते करणंही 2020 च्या दुरुस्तीने बंद. मी ब्रिटिश नागरिक, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्डवाला. त्यामुळे माझा पैसाही 'परदेशी'च. अध्यक्षांना विचारलं तर म्हणाले, "आमच्या मावशींच्या खात्यात टाका, बघून घेऊ." ते नको. उद्या चौकशी आली तर निस्तरायचं त्या बिचाऱ्या मावशींनी!

बायकोचा पासपोर्ट मात्र भारतीय आहे. अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी योगदान धरत नाहीत, एवढं नक्की कळलंय.

करसवलत नको, ना इथली ना भारतातली 80जी. कपडे-खेळणी सुचवू नका, त्यांना सोलर गिझर हवाय.

सीए मंडळी किंवा हे केलेलं कुणी असेल तर सांगा: बायकोने कंपनीतून रीतसर लाभांश घेऊन, कर भरून तो पाठवला, तर ती तिची बचत ठरेल, की स्टिकरमुळे तो कंपनीनेच गोळा केलेला पैसा मानतील?